ग्लेन मोरागमधले दगडी मनोरे

महाशिवरात्रीला मी महादेवाला पॉइझन ओक वाहिला. पूर्ण शुद्धीत, अंघोळ करून, पंचा नेसून वाहिला.

त्याचं असं झालं. सासरे गेल्यानंतर माझ्या सासूबाई, माई, अकोल्याच्या घरात एकट्या पडल्या होत्या. अनघाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना जवळजवळ उचलूनच क्युपर्टिनोला आणलं. महाशिवरात्र जवळ आली तशी माईंनी मला विचारलं, "श्रीकांतराव, बेल कुठे मिळतो हो इथे?" मी नुकताच रानवाटांवरचा गाइड झालो होतो. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर पार्कची टोपी. अशा माणसाने सासूला 'माहीत नाही' म्हणायचं म्हणजे टोपी उतरवून ठेवण्यासारखंच. मी म्हटलं, "माई, बेल ना? बघतो की!"

आमच्या पार्कात पान तोडायला सक्त मनाई आहे. मी नियमाचा पक्का, म्हणून गेटबाहेरच्या रस्त्याकडेची एक फांदी तोडली. एका देठाला तीन पानं. कोवळी, हिरवीगार, तेलाचा हात फिरवल्यासारखी तुकतुकीत. माईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "बेलाहून जरा नाजूक वाटतोय," त्या म्हणाल्या, "पण अमेरिकेतला आहे, एवढं चालायचंच."

पॉइझन ओकच्या पानांवर एक तेलकट रस असतो आणि तो अंगाला लागला की दोन-तीन दिवसांनी आपला प्रताप दाखवतो. माईंची मनगटं सुजली. माझा गळा सुजला आणि, कसे ते विचारू नका, दोन्ही कानही सुजले. कामावर गेलो तेव्हा आमची मुख्य रेंजर लिंडा माझ्या कानांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "श्री, हे झाड आम्ही ट्रेनिंगच्या पहिल्याच तासाला दाखवतो. तू कुठे होतास?"

"डेंटिस्टकडे," मी म्हटलं.

महादेवाला मात्र काहीही झालं नाही. त्याची हयात गेली आहे असल्या गोष्टी पचवण्यात.

तर असा मी गाइड. त्याआधी माझी उमर सॉफ्टवेअरमध्ये गेली. एका सकाळी कंपनीने सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं, आमचे फार आभार मानले आणि दुपारपर्यंत आमचे लॉगिन बंद झाले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला या गावात नोकरी मिळणं कसं असतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको आणि तिकडच्या वाचकांना सांगून पटायचं नाही. मुलाखतीतली मुलं मला 'सर' म्हणायची आणि पुन्हा फोन करायची नाहीत. घरी बसून मी भांड्यांचे कप्पे लावायला लागलो, तेव्हा अनघानेच ही जाहिरात शोधून काढली. "तुला चालायला आवडतं, बोलायला त्याहून आवडतं. इथे दोन्हीचा पगार देतायत." काम हंगामी होतं. हंगाम संपला की लिंडाने पुन्हा बोलावलं तर यायचं, नाही तर नाही. आमची रिया तेव्हा कॉलेजातून सुट्टीला घरी आली होती. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स सो कूल. यू आर अ फॉरेस्ट अंकल!" अकोल्याच्या नातेवाइकांना माई सांगायच्या, "जावई जंगल खात्यात लागले." ऐकताना मलाच जीप आणि लाल दिवा दिसायचा.

आता या दरीविषयी. आमच्या गावाच्या पश्चिमेला डोंगरांची ओळ आहे आणि तिच्या एका घडीत ही दरी लपलेली आहे. पूर्वी कधीतरी स्कॉटलंडहून आलेल्या एका मेंढपाळ कुटुंबाला इथलं हिवाळ्यातलं धुकं आणि ओले हिरवे उतार पाहून घरची आठवण झाली, आणि त्यांनी दरीला ग्लेन मोराग नाव दिलं. त्यांच्याकडे दरीला ग्लेन म्हणतात. मोराग ही त्या घरातली आजी. उन्हाळ्यात हेच डोंगर भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे होतात. ते पाहून मोरागबाईंना काय वाटलं असेल याची नोंद कुठे सापडत नाही.

दरीत मुख्य वाटा तीन. एक धारेवरची. उघडी, चढाची, वाऱ्याची. तिथून एका बाजूला खाली सगळी सिलिकॉन व्हॅली खेळण्यासारखी मांडलेली दिसते आणि दुसऱ्या बाजूला, हवा स्वच्छ असेल तर, समुद्राची एक चकाकती रेघ. दुसरी रेडवुडच्या झाडांमधली. तिथे भर दुपारीही देवळाच्या गाभाऱ्यातला गारवा असतो आणि माणसं आपोआप आवाज खाली आणतात. आणि तिसरी ओढ्याकाठची, सपाट, सावलीची, गुडघ्यांना मान देणारी. या गोष्टीला हीच वाट लागणार आहे.

लोकांना वाटतं वाट म्हणजे चालून चालून पडते. आमच्या धंद्यात शिकलो की वाट बांधावी लागते आणि तिचा खरा शत्रू पाणी. म्हणून वाटेला दरीच्या बाजूला किंचित उतार ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता आडवं निघून जातं. वळणं मुद्दाम लांबवायची. ती लांबवली की हमखास कोणीतरी मधूनच सरळ खाली उतरतो. मग त्याच्यामागून दहाजण उतरतात आणि पुढच्या हिवाळ्यात तिथे वाटेऐवजी ओहोळ असतो. माझ्या कामातला अर्धा वेळ असे आडमार्ग काटक्या टाकून बंद करण्यात जातो. उरलेला अर्धा वेळ गिऱ्हाइकं.

गिऱ्हाइकांचे नमुने काय सांगू! एका कंपनीचे साहेब टीम घेऊन आले आणि मला म्हणाले, "बॉबकॅट बघायचंय, पण साडेअकराला कॉल आहे." मी म्हटलं, मी त्याला निरोप देतो. साहेबांनी मान डोलावली. कमाल अशी की सव्वाअकराला एक बॉबकॅट, म्हणजे मांजराच्या दुप्पट आणि शेपटी तोडून टाकल्यासारखा रानबोका, खरंच वाट ओलांडून गेला. साहेब म्हणाले, "परफेक्ट, थँक्स!" आजही त्यांचा समज असेल की ती व्यवस्था माझी.

दुसऱ्या एक बाई टॅरँट्युलाच्या मोसमात आल्या. शरद ऋतूत इथे तळहाताएवढे केसाळ कोळी बिळांतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी वाटेने सावकाश चालत सुटतात. ते सगळे नर असतात आणि निघालेले असतात सोयरीक शोधायला. हे मी ग्रुपला रंगवून सांगत होतो आणि माझ्याच बुटावर काहीतरी चढलं. त्यानंतर माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला त्या बाई 'टर्की का?' म्हणाल्या. दरीत रानटर्की पुष्कळ आहेत, त्यामुळे मी 'हो' म्हटलं.

पण माझी आवडती मंडळी बुधवारची. तो वॉक मीच सुरू केला, आणि खरं सांगायचं तर माईंसाठी केला. त्या आल्या तेव्हा पहिले काही महिने नुसत्या खिडकीशी बसून असायच्या. गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांची भाषा येत नाही, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. दर महिन्याला एकदा जेवताना त्या शांतपणे म्हणायच्या, "अनघा, माझं तिकीट काढ." त्या रात्री अनघाचं जेवण होत नसे. तेव्हा मी लिंडाकडून बुधवारची सकाळ मागून घेतली: ओढ्याकाठची वाट, फक्त ज्येष्ठांसाठी, मराठीतून. मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा इथे घरोघरी असतात. बघता बघता एक व्हॅन भरायला लागली.

ही मंडळी चालत फार नाहीत, पण बघतात भरपूर, आणि बोलतात त्याहून भरपूर. त्यामुळे हरणं आम्हाला पाठमोरीच दिसतात. पुण्याच्या कुसुमकाकूंनी पहिल्याच दिवशी एका झाडाचं पान चुरगळून वास घेतला आणि जाहीर केलं, "हे तर तमालपत्र!" होतं ते त्याच घराण्यातलं, कॅलिफोर्निया बे. मी सांगेपर्यंत एक पान पिशवीत गेलंही होतं. पुढच्या बुधवारी काकू म्हणाल्या, "मेला पुलाव होता की अमृतांजन, कळेना. मुलगा म्हणाला, आई, कोणाला सर्दी झालीय?" पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले जोशीकाका ओढ्यापाशी आले की हमखास थांबायचे आणि म्हणायचे, "इथे एक छोटा बंधारा छान बसेल." एक सुतार पक्षी आहे, तो ओकच्या खोडाला शेकडो भोकं पाडून प्रत्येकात एक-एक ओकफळ ठोकून बसवतो. तो माईंचा लाडका. "बघा, साठवणाची किती नीट मांडणी आहे," त्या म्हणायच्या. "याला आमच्या अनघाकडे पाठवा जरा."

बुधवार आले आणि महिन्याचं तिकीट मागणं बंद झालं. मंगळवारी रात्री माई बूट पुसून दाराशी ठेवायला लागल्या.

आणि मग मनोरे आले.

धारेवरच्या वाटेला एका खडकाळ टप्प्यात माती नाही, त्यामुळे वाट दिसत नाही. तिथे आम्ही दगडावर दगड रचून खुणा ठेवतो. धुक्यात आलेला माणूस एका ढिगाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत बघत बघत जातो. मी एकदा मोठ्या हौसेने मंडळींना फोटो दाखवून हे समजावून सांगितलं होतं. मंडळींनी ऐकलं, माना डोलावल्या, आणि त्यांच्या डोक्यात भलतंच काहीतरी पेटलं. आपल्याकडे तीर्थाच्या डोंगरांवर लोक दगडावर दगड ठेवतात ना, घर होऊ दे म्हणून? एवढे दगड, एवढा निवांतपणा, आणि मुलांना घर घेता येत नाही असं हे गाव! मी पुढे पक्षी दाखवायचो, आणि मागे शेपटाला बांधकाम चाललेलं असायचं.

मला दिसलं नाही असं म्हणणार नाही. ओढ्यालगत एक-दोन ढिगारे दिसले होते. मला वाटलं, कुठल्या तरी मुलांचे खेळ.

मग एका शुक्रवारी संध्याकाळ झाली तरी एक तरुण जोडपं परतलं नाही. वाहनतळावर त्यांची एकटी गाडी. लिंडा आणि मी निघालो. ओढ्याकाठच्या वाटेला जिथे रेडवुडकडे जाणारा फाटा फुटतो, तिथे पाटी थोडी आत आहे. त्या फाट्यावर वाट सोडून सरळ ओढ्याच्या पात्राकडे जाणारी दगडी मनोऱ्यांची एक देखणी रांग होती. दगड नीट निवडलेले, खाली मोठे, वर लहान, शेवटी चपटा. रांगेच्या टोकाला निसरड्या दगडांमध्ये ते दोघं बसलेले सापडले. मुलीचा घोटा मुरगळला होता, मुलगा चिडला होता. "आम्ही तुमच्या खुणांवरूनच आलो!" तो म्हणाला.

खुणा आमच्या नव्हत्या. आम्ही त्या मुलीला आधार देत बाहेर आणलं. सगळं नीट पार पडलं आणि दोघं घरी गेली. मग लिंडाने टॉर्च त्या मनोऱ्यांवर टाकला. सगळ्यात उंच मनोऱ्याच्या माथ्यावर, चपट्या दगडावर, हळदीकुंकवाचं बोट होतं.

"श्री," लिंडा म्हणाली, "हा पिवळा-लाल रंग काय आहे?"

लिंडापुढे खोटं बोलायला सुचत नाही हा माझा जुना त्रास आहे. मी म्हटलं, "ही माझी बुधवारची मंडळी."

मी कारण समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. लिंडा ओरडत नाही; आवाज खाली जातो आणि वाक्यं आखूड होतात. "एका माणसाचा पाय मोडला असता. पुढच्या बुधवारी मी येते. तोवर सगळे मनोरे गेलेले हवेत. एक जरी दिसला, तरी हा वॉक बंद. मला सॉरी म्हणायलाही वेळ लागणार नाही."

घरी येऊन मी अनघाला सांगितलं. ती स्वयंपाकघरात होती. तिने आधी माईंच्या खोलीचं दार लोटून घेतलं. "बुधवार बंद झाला," ती हळूच म्हणाली, "तर गुरुवारी तिकीट मागेल ती. आणि यावेळी मी नाही म्हणू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी मंडळींना ओढ्याजवळच्या पिकनिकच्या बाकावर गोळा केलं. सगळं सांगितलं: जोडपं, घोटा, लिंडाची अट. मग जोशीकाकांनी घसा खाकरला. "तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर माझा मनोरा वाटेपासून लांब होता."

"काका, तुमचासुद्धा?"

"नातवाला सॅन होजेत काहीतरी मिळू दे म्हणून. पाया भक्कम आहे हो त्याचा."

"पायासकट काढायचा, काका."

एकेकजण उठला. माई पहिल्या उठल्या, ओढ्यापाशी गेल्या आणि एक लहानसा, गुडघ्याएवढाही नसलेला ढीग मोडून आल्या. तो त्यांचा होता हे मला तेव्हाच कळलं. बाकीचेही आपापले दगड उतरवायला लागले. फक्त कुसुमकाकू जागच्या हलल्या नाहीत. फाट्यावरचा, हळदीकुंकवाचा, सगळ्यात उंच मनोरा त्यांचा होता.

"काकू?"

"मी नाही काढणार."

"अहो, असं कसं?"

"समीरने सनीव्हेलच्या घराला ऑफर टाकलीय. सोमवारी उत्तर येणार. तू मला सांग, ऑफर टाकल्यावर कोणी घर मोडतं का? सोमवारनंतर मी स्वतः येऊन काढीन. शब्द आहे माझा."

"पण काकू, सोमवारपर्यंत कोणी परत चुकलं तर?"

"मग तू उभा राहा तिथे. सांग लोकांना, ही खूण नाही, हे घर आहे."

काकूंचा मुलगा समीर आणि त्याची बायको लहान मुलीला घेऊन एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होते आणि काकू हॉलमधल्या सोफ्यावर झोपायच्या, हे मला माहीत होतं. मी मनोऱ्यापुढे दोन झाडांना पिवळी फीत बांधली आणि शनिवार-रविवार त्या फाट्यावर फेऱ्या मारल्या. लोक विचारायचे, इथे काय झालंय? मी सांगायचो, काम चालू आहे.

सोमवार आला. समीरच्या घराचं उत्तर आलं नाही. विक्रेत्यांनी मुदत वाढवली. मंगळवारीही नाही. मंगळवारी रात्री मी काकूंना फोन केला. "काकू, उद्या लिंडा येणार."

"येऊ दे ना. तिलाही घर असेलच की."

बुधवारी व्हॅनमध्ये काकूंच्या हातात फोन होता आणि तो त्या पाखरासारखा दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. माई काकूंच्या शेजारी. वसंत ऐन भरात होता. उतारांवर केशरी पॉपी आणि निळ्या लुपिनच्या फुलांचे गालिचे, ओढा भरून वाहत होता, टर्की नर पिसारा फुलवून वाटेवर मिरवत होते. लिंडा फाट्यावर आधीच येऊन उभी होती. पिवळ्या फितीमागे काकूंचा मनोरा तसाच, ताठ.

"श्री," लिंडा म्हणाली. आवाज खाली गेलेला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात माई पुढे झाल्या. माईंचं इंग्रजी म्हणजे नामं आणि हातवारे. त्यांनी मनोऱ्याकडे बोट दाखवलं, मग काकूंकडे, मग हवेत छप्पर काढलं. "धिस, हर सन, हाउस. सोफा, स्लीप. बॅक पेन." आणि कंबरेवर हात ठेवून दाखवला. मी उरलेलं सांगितलं.

लिंडाने काकूंकडे पाहिलं. मग तिने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ ओढ्याच्या उथळ पाण्यात उतरली. तिने एक चपटा दगड, काकूंच्या मनोऱ्यातल्यासारखाच, दोन्ही हातांनी पाण्यातच हळूच कलता केला आणि आम्हाला जवळ बोलावलं. मी मराठीत सांगत गेलो. दगडाच्या खालच्या अंगाला जेलीसारखा एक पारदर्शक गोळा चिकटलेला होता, आणि त्यात बारीक बारीक ठिपके. न्यूटची अंडी. न्यूट म्हणजे पालीच्या आकाराचा, पण बेडकाच्या कुळातला, नारिंगी पोटाचा जीव. तो हिवाळ्यात रानातून लांबचा रस्ता तुडवत या ओढ्यावर येतो आणि दगडाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतो. पाण्याच्या ओढीत वाहून जाऊ नयेत म्हणून.

लिंडाने दगड होता तसा ठेवला. "इथला प्रत्येक दगड कोणाचं तरी छप्पर आहे," ती म्हणाली. "म्हणून आम्ही पात्रातला दगड हलवू देत नाही. वाट चुकण्याचा भाग नंतरचा."

मी ते वाक्य मराठीत सांगितलं. कुसुमकाकूंनी पाण्यात वाकून पाहिलं. मग त्यांनी फोन माईंच्या हातात दिला, पदर खोचला, फितीखालून वाकून पलीकडे गेल्या.

"अगं बाई," त्या मनोऱ्याला म्हणाल्या की न्यूटला, ते कळलं नाही, "दुसऱ्याचं छप्पर काढून मी माझ्या पोराचं घर मागत होते होय?"

सगळ्यात वरचा, कुंकवाचा दगड त्यांनी कपाळाला लावला आणि मला दिला. "धू तो. कुंकू पाण्यात नको." मग एकेक दगड उचलून लिंडाकडे द्यायला लागल्या. "विचार तिला, हा कुठला. नीट जागच्या जागी गेला पाहिजे." लिंडा म्हणाली, नक्की कुठला ते आता कळणार नाही, पण सुखाने बसेल असा कुठेही चालेल. "नाही नाही," काकू म्हणाल्या, "तिला म्हणावं, नीट बघ. घराचा प्रश्न आहे." जोशीकाका काठावर उभे राहून "थोडा डावीकडे, प्रवाहाला आडवा नको" अशा सूचना देत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या सूचना कोणीतरी पाळत होतं. लिंडाला भाषा कळत नव्हती, पण हात कुठे दाखवतो ते कळत होतं.

फोन वाजला तो शेवटचा दगड पाण्यात गेल्यावर. माईंनी तो काकूंच्या कानाला लावून धरला.

"हो का," काकू म्हणाल्या. "बरं. असू दे रे. रडू नकोस. जेवलास का?"

घर दुसऱ्याला गेलं होतं. काकूंनी ओले हात पुसले. "मनोरा मोडला म्हणून नाही हं," त्यांनी मलाच बजावलं. "ते लोक सकाळीच दुसऱ्याला हो म्हणाले होते. समीरने आत्ता सांगितलं." आणि मग लिंडाकडे वळून, कोणाचीही मदत न घेता, इंग्रजीत: "नो हाउस. नो प्रॉब्लेम. ट्राय अगेन."

लिंडा पाण्यातून बाहेर आली आणि पाय न पुसताच काकूंच्या शेजारी बाकावर बसली. "त्यांना सांग," ती मला म्हणाली, "मी या पार्कात अर्धं आयुष्य काम करते आणि रोज दीड तास गाडी चालवत घरी जाते. इथे मलाही नाही परवडलं." मी सांगितलं. काकूंनी पिशवीतून डबा काढला, तिच्यापुढे धरला. रव्याचे लाडू होते. पेढ्यांची वेळ येईल म्हणून केले असावेत. लिंडाने दोन खाल्ले.

त्याच बाकावर काय ठरलं ते असं. बुधवार राहिला. शिवाय ओढ्याकाठची वाट बुधवारच्या मंडळींकडे सोपवण्यात आली. पाटी झाडाआड गेली की मला कळवायचं, कोणी आडमार्ग पाडला की काटक्या टाकायच्या, आणि कोणी हौशी दगड रचून गेला असेल तर ते जागेवर ठेवायचे. चालताना भरपूर थांबणारी आणि प्रत्येक गोष्टीवर मत असणारी माणसं या कामाला लागतात असं लिंडाचं म्हणणं. तिने सगळ्यांना पिवळी जॅकिटं दिली. साडीवर ती जॅकिटं घालून आमच्या बायका ओढ्याकाठी उभ्या राहिल्या की लांबून झेंडूची रोपं लावल्यासारखी दिसतात. मध्यंतरी एका धिप्पाड माणसाने पात्रात उतरून दगड उचलला, तर कुसुमकाकूंनी काठावरून "एक्स्क्यूज मी! फॅमिली इनसाइड!" असं काही ओरडून सांगितलं की तो माफी मागत बाहेर आला.

समीरला पुढे ट्रेसीच्या बाजूला घर मिळालं. लांब आहे, पण काकूंना स्वतःची खोली आहे, आणि बुधवारी तो त्यांना ट्रेनने पाठवतो. ते न्यूटमुळे मिळालं, असं काकू ठामपणे सांगतात. मी वाद घालत नाही. ज्याने महादेवाला पॉइझन ओक वाहिला, त्याने देवाधर्माच्या बाबतीत मत देऊ नये.

काकूंचा मनोरा उतरला त्या बुधवारी परतताना मी माईंना विचारलं होतं, तुमचा तो लहान ढीग आमच्या घरासाठी होता का? त्या म्हणाल्या, "नाही हो. आहे की भाड्याचं चांगलं." आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग तिकडेच बघत म्हणाल्या, "बुधवार टिकू दे, एवढंच म्हटलं होतं." मोडताना त्या सगळ्यांत पहिल्या उठल्या होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि रस्ता जरा अंधुक दिसायला लागला म्हणून मी गाडीची काच पुसली. काच स्वच्छ होती.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी भांडी लावत होतो आणि अनघा ओटा पुसत होती. तिच्या कंपनीतही त्या आठवड्यात पुन्हा छाटणीच्या कुजबुजी सुरू झाल्या होत्या आणि माझा हंगाम संपत आला होता. बाहेर हॉलमध्ये माई अकोल्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. आवाज चढा, नेहमीपेक्षा खणखणीत.

"अगं नाही, बुधवारी नको करू फोन. बुधवारी मी घरी नसते. कामावर असते."

अनघाचा हात ओट्यावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हॉलकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि फडकं पिळत म्हणाली,

"चला, या घरात एकाची तरी नोकरी पक्की झाली."